जांभळ्या शाईखालचं सातवं नाव

नारीन गावच्या बाजारात बुरुलचं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टाचे फोटो, लग्नाचे फोटो, एवढंच काम. पण बाईला खटाटोपाची खोड फार. पडून बिघडलेला एक डिजिटल कॅमेरा तिनं खोलला, आतली निळसर काचेची चकती काढून टाकली आणि भिंगावर धुतलेल्या जुन्या फिल्मचा काळा शेंडा दुहेरी करून चिकटवला. जो उजेड डोळ्यांना दिसत नाही तोच आता आत शिरायचा. पहिले फोटो पुसट आले. मग नदीकाठचे पॉप्लर बर्फ पडल्यासारखे पांढरे निघाले, आभाळ काळंकुट्ट. शेजारच्या खाटकाचा काळा कोट त्यात इतका फिकट आला, की बुरुलनं न भिजवताच कोट धुऊन दिला असं तो चार दिवस सांगत फिरला.

पुढं तिनं शाळेतली जुनी वही कॅमेऱ्यापुढं धरली. खोडताना पेनानं मारलेल्या रेघा गायब, आणि खालची पेन्सिल जशीच्या तशी. अल्लाहनं किती काय झाकून ठेवलंय, असं म्हणत ती बराच वेळ वही उलटीसुलटी करत बसली.

ही गोष्ट म्हाताऱ्या कादिरबायच्या कानावर गेली. त्याच्या नातीचं, नुरझातचं, एरमेक नावाच्या मुलाशी जमलं होतं. शुक्रवारी मुलाकडचे सोयरीक पक्की करायला, तिच्या कानात डूल घालायला येणार होते. पण सात पिढ्यांत मूळ पुरुष एक निघाला तर ती भाऊबहीण ठरतात, लग्न होत नाही. मुलाकडच्यांनी आपले सात पूर्वज घडाघडा सांगितले होते. कादिरबायला मात्र नातीच्या बापापासून मोजून सहाच आठवत होते. सातवा होता वडिलांच्या कागदावर. अरबी अक्षरांतले असले कागद घरात सापडले की सरकारी शिपाई माणसं उचलून नेत, त्या काळात वडिलांनी भीतीनं त्यावर जांभळी शाई फासली होती.

कादिरबाय नातीसोबत तो कागद घेऊन बुरुलकडे आला. मूळ अक्षरं काजळीच्या शाईची, म्हणजे पेन्सिलीसारखी टिकणारी होती. बुरुलनं कागद अंगणात उन्हात पसरला, कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि फोटो काढला. पडद्यावर जांभळा डाग विरून गेला आणि अरबी अक्षरं वर आली. ती कुणालाच वाचता येईनात, म्हणून मशिदीतल्या मौलवींना, अब्दराइम मोल्दोंना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, बिस्मिल्ला म्हटलं आणि नातीच्या बापापासून मोजत वाचलं, "सातवा, तेझेकबाय."

नुरझातचा चेहरा उतरला. मुलाकडच्यांचाही सातवा तेझेकबायच होता. कादिरबाय मटकन ओट्यावर बसला आणि कागद आणलाच कशाला म्हणून स्वतःलाच शिव्या घालू लागला.

बुरुल मात्र पडद्यावरून नजर हलवेना. तेझेक म्हणजे शेणी. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवायचे.

"अक्सकाल, रडायची घाई नको," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "त्या काळी घरटी एक शेणोबा होता. त्याचा बाप कोण, ते आधी बघू."

खालची ओळ घडीत दडली होती. तिनं घडी सरळ करून पुन्हा फोटो काढला. मोल्दोंनी ती मनातल्या मनात वाचली.

"मी सांगणार नाही," ते म्हणाले. "आधी तिकडच्यांना विचारा. मग कुणी आपल्याला हवं ते नाव जुळवून सांगायला नको."

नुरझातनं एरमेकच्या काकांना फोन लावला. तुमच्या तेझेकबायचा बाप कोण, असं तिनं विचारलं. मामबेतकुल, उत्तर आलं.

"इथं शातमान आहे," मोल्दो म्हणाले. "माणसं वेगळी. खुशाल डूल घाला."

कादिरबायनं अल्लाहचे आभार मानत दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग नातीला समोर बसवून म्हणाला, "आता पाठ म्हण. बापापासून शातमानपर्यंत."

नुरझात म्हणू लागली. चौथ्या नावाशी अडखळली तशी म्हाताऱ्यानं तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. बुरुलनं कागद अलगद उलटून मागची बाजू उन्हात धरली. तिकडेही काहीतरी लिहिलेलं दिसत होतं; तिनं पुन्हा कॅमेरा उचलला.