अक्का आणि धडधडणारी डिश

प्रयोगशाळेतल्या पेशींचं खाणंपिणं झाल्याशिवाय अक्कांनी कधी स्वतःचा डबा उघडला नाही. शिक्षण बारावीपर्यंतच, पण माणसाच्या मूलपेशी सांभाळण्यात आमच्या सरांनाही त्यांचा हात धरता येत नसे. मूलपेशींना ठरल्या दिवशी ठरलेलं औषध दिलं की काही हृदयाच्या वाटेने जातात, काही रक्तवाहिन्यांच्या. मधे एक दिवस जरी त्यांचं गुलाबी पोषणद्रव बदलायचं राहिलं, तर सगळं मुसळ केरात. म्हणून संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतही अक्का शुक्रवार पेठेतून रिक्षाने यायच्या. "लेकरं हितं उपाशी हायत, मी तितं पाळण्यात बसू?" म्हणायच्या.

बांगड्या दारात उतरवायच्या, गजरा बाहेरच्या खिळ्याला. कुणी स्पिरिटने हात न पुसता आत आलं तर त्या बोलत नसत, नुसत्या बघत. पीएच.डी.ला नवी असताना त्या बघण्याने मी दोनदा रडले आहे.

एका सकाळी माझी पेशींची डिश धडधडली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा एक पुंजका आपला आपण आकसत होता, सैल होत होता. मी अक्कांना ओढतच आणलं. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "हे माझ्या भावाला बसंल का गं?"

भाऊ दुधनीला, धान्याचं दुकान, हृदय अशक्त. खरं उत्तर मला ठाऊक होतं. हे माणसाच्या छातीत कधी जाईल, जाईल की नाही, कुणीच सांगू शकत नव्हतं. पण आनंदात माणूस उदार होतो. "बसेल की अक्का, थोडं थांबा," मी बोलून गेले.

अक्कांनी ते दुधनीला पोचवलं. डॉक्टर बायपासच्या मागे लागले होते आणि भाऊ गावभर सांगत सुटला, बहिणीच्या लॅबमधे नवं काळीज तयार व्हायलंय, चिरफाड कशाला? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अक्का रोज सगळ्यांआधी माझी डिश बघायच्या. मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे.

सात-आठ महिन्यांनी तो दुकानातच कोसळला आणि गेला. मी भेटायला दुधनीला गेले, तेव्हा बायपास का राहिली ते त्याच्या बायकोने मला साधेपणाने सांगितलं. ते आश्वासन देणारी मीच, हे तिला कुठे माहीत?

भावाचं दिवसकार्य उरकून अक्का कामावर आल्या. मी माफी मागायला गेले, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"तू मला सांगितलंस, मी त्याला सांगितलं. दोघीत वाटून घिऊ." एवढं म्हणून त्या हात पुसायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता डिश धडधडली की नव्या मुली मला बोलावतात. मी बघते, छान म्हणते, आणि पुढे काही बोलण्याआधी विचारते, "घरी कुणी आजारी आहे का?"