सील शाबूत, कन्सोल बंद

गणपतीचा बंदोबस्त संपला त्या आठवड्यात, भर दुपारी, बोरिवलीतील आमच्या पोलीस ठाण्यात जप्त केलेला एक गेम कन्सोल दोन पंचांसमोर कायमचा बंद पडला. तो बंद पडला तेव्हा आरोपी कोपऱ्यातील बाकावर बसला होता. कन्सोल हाताळत होता तक्रारदार कंपनीचा प्रतिनिधी. निवृत्त झालो, तरी ती दुपार डोळ्यांसमोरून हललेली नाही.

सुरुवात कन्सोल बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी तक्रारीने झाली. स्टेशनजवळच्या गाळ्यात एक दुरुस्तीवाला कन्सोलमध्ये चिप बसवून कंपनीने आत घातलेले डिजिटल कुलूप तोडतो आणि त्यामुळे चोरीचे गेम चालतात, असे तिचे म्हणणे होते. खबऱ्याने गाळा दाखवला. छाप्यात गिऱ्हाइकांचे कन्सोल, सोल्डरिंगची हत्यारे आणि चिपा मिळाल्या. कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवून दुरुस्तीवाल्याला ताब्यात घेतले.

आमचा मुद्देमाल हवालदार जुन्या वळणाचा. तलवार असो की दारूची बाटली, कापडी पट्टी, दोरा आणि लाखेचे सील ही त्याची रीत. कन्सोल पाहून त्याने क्षणभर विचार केला आणि मागच्या सगळ्या खाचा लाखेने बुजवल्या.

"आता यात मुंगीपण शिरणार नाय, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोराईहून एक मासेमार खाडी ओलांडून आला. जप्त कन्सोलपैकी एक त्याच्या मुलीचा होता. पावती त्याने सोबत आणली होती.

"पोरीचे हात चालत नाय, साहेब. आजारात गेले. ती पायाने खेळते," तो म्हणाला. "कंपनीच्या मशीनला आमचं पायडल चालत नव्हतं. तुम्ही धरलेल्या या माणसाने चालवून दिलं."

"काय खेळते?" हवालदाराने विचारले.

"गाव बांधते. आमची सगळी गोराई बांधलीय. चर्च, जेटी, आमची होडीपण. कितीतरी वर्षं चाललंय."

"मशीनच्या आत?"

"आतच. दुसरीकडे कुठे नाय. म्हणून आलो. गाव परत मिळेल ना, साहेब?"

"काका, सील मारलंय. तुमचं गाव कुठे पळून जात नाय," हवालदार म्हणाला. तो माणूस हसला आणि निघून गेला.

चौकशीत दुरुस्तीवाल्याने चिप बसवल्याचे लगेच कबूल केले.

"माणसाने विकत घेतलेली वस्तू आहे, साहेब. त्याने सांगितलं, मी उघडली. चोरीचा एक गेम माझ्या गाळ्यात दाखवा."

माल लपवणारा माणूस मालाकडे पाहण्याचे टाळतो, हा माझा अनुभव. याची नजर मात्र मुद्देमालाच्या कपाटावरून हटत नव्हती. बोलता बोलता तो गावच्या मालवणीवर आला.

"साहेबांनू, माझा काय करूचा ता करा. पण ही मशीनां नेटाक लावू नकात."

कंपनीचा प्रतिनिधी समोरच बसला होता. "बघा, घाबरतोय. नेटला लावलं की याची सगळी कारागिरी उघडी पडेल." त्याची बाजूही मी नोंदवली. कुलूप एकदा उघडले की चोरीचे गेम येणारच, मग गेम बनवणाऱ्यांनी खायचे काय, असे तो म्हणाला. दुरुस्तीवाल्याची विनंती त्याच्या जबाबात घेतली.

दुपारी प्रात्यक्षिकाचा पंचनामा सुरू झाला. कन्सोलमधील बदल पंचांना दाखवायचा होता. प्रतिनिधीने पायडलवाला कन्सोल निवडला, कारण बदल त्यात सर्वांत ठळक दिसत होता. विजेची आणि टीव्हीची खाच तेवढी मोकळी केली. पडद्यावर निळी खाडी आली, जेटी आली, पांढरे चर्च आले. एक पंच उठून जवळ गेला. "अरे, ही तर गोराई!"

प्रतिनिधीने खिशातून मोबाइल काढला, कन्सोलच्या सेटिंगमध्ये काहीतरी निवडले. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना उमटली. अनधिकृत बदल आढळल्यामुळे हे उपकरण बंद करण्यात येत आहे. मग पडदा काळा झाला.

बाकावरून दुरुस्तीवाला ओरडला, "वाट लावली रे त्या पोरीच्या गावाची!"

हवालदार खाली वाकून कन्सोलची मागची बाजू तपासू लागला. "नेटच्या वायरीची खाच तर सीलमध्येच आहे, साहेब. शाबूत आहे. मग गेलं कसं?"

आरोपीने पुरावा नष्ट केल्याची प्रकरणे मी हाताळली होती. तक्रारदाराने, पोलीस ठाण्यात, पंचांच्या देखत तो नष्ट केल्याचे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी प्रतिनिधीला समोर बसवले.

"मोबाइलवरून नेट दिलंत?"

"सर, व्हर्जन तपासायचं होतं. बंद मी नाही केलं, सिस्टीम आपोआप करते."

"आपोआप करते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सर, पॉलिसी अशी आहे की..."

"हो की नाही?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "हो. माहीत होतं."

ते उत्तर जसेच्या तसे लिहून त्याची सही घेतली. इथून तपासाची दिशा बदलली. जप्त माल तपासणाऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात, गाळ्यातील एकाही वस्तूत चोरीचा गेम आढळला नाही. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा 'सी समरी' अहवाल आम्ही न्यायालयात सादर केला. प्रतिनिधीच्या कृत्याचा स्वतंत्र अहवाल त्याला जोडला. न्यायालयाने समरी मंजूर केली आणि मुद्देमाल मालकांना परत देण्याचा आदेश दिला.

मासेमार पुन्हा आला. हवालदाराने लाख स्वतः खरवडून काढली आणि कन्सोल फडक्याने पुसून त्याच्या हातात दिला. पावतीवर सही करून तो निघून गेला.

दुरुस्तीवाल्याने गोराईला जाऊन कन्सोल उघडला. आतली माहिती पुसली गेलेली नव्हती. पण तिच्यावर पडलेले कुलूप कंपनीच्या चावीशिवाय निघत नव्हते. मुलीच्या वतीने वडिलांनी कंपनीला विनंतीचा अर्ज पाठवला आणि त्याची प्रत ठाण्याला दिली. माझ्या निवृत्तीपूर्वी उत्तर आले. बदल केलेल्या उपकरणांना कंपनी सेवा देत नाही, एवढेच त्यात होते.

कन्सोल गोराईला त्यांच्या घरी आहे. पायडल जोडलेले आहे. तो सुरू होत नाही.