लाल झालेला इळा

नातवाने काल शाळेच्या प्रयोगासाठी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा सोडला. थोड्या वेळाने बाहेर काढला, तर त्यावर तांब्याचा लाल थर.

"आजी, लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. दोघांचं पोटेन्शियल वेगळं ना!"

मी मान डोलावली, पण हात आपसूक पदराखाली गेले.

सत्तरच्या दशकात मी एकोडीला नवी सून होते. बैलाचे खूर धुवायला मडक्यात मोरचूद विरघळवून ठेवलं होतं आणि त्यात सासूबाईंचा धान कापायचा इळा पडला. त्यांनी तो काढून उन्हात धरला. गोठ्यातल्या ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. पातं तांबडं, परक्या घरच्या वस्तूसारखं चमकत होतं.

"माया इळा लोखंडाचा होता. कोनं काय केलं वं याले?" विचारताना त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

मी मॅट्रिकपर्यंत सायन्स शिकलेली. उत्साहाने म्हणाले, "कोणी काही नाही केलं, आत्याबाई. थांबा, दाखवतो तुमाले."

मी एक खिळा मडक्यात बुडवला आणि लाल झाल्यावर त्यांच्या तळहातावर ठेवला. वाटलं, आता करणीचा संशय फिटेल.

त्यांनी खिळ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या बोटांकडे पाहिलं.

"म्हंजे तुले येते हे."

पुढे जावेचं लेकरू तापाने फणफणलं, तेव्हा औषधाच्याही आधी सासूबाईंनी ते माझ्या मांडीवरून उचललं.