पहाटेचा नळ आणि वहिनीचं मेण

उज्जैनला भैरवगढात माझ्या वहिनीचा बटिकचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि आसपासच्या बायका. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, मग ते रंगात बुडवायचं. मेण असतं तिथे रंग शिरत नाही. पण हल्ली उन्हाळा असा पेटतो, की ऊन चढल्यावर मेण गोठतच नाही. रंग आत घुसतो, कापड वाया जातं. मेण नीट धरतं ते फक्त पहाटे. आणि मेला नळही येतो पहाटेच! पाणी भरणार कोण? बायकाच. "यंदा उन्हाळ्यात काम बंदच करावं लागणार," वहिनी म्हणाली, तेव्हा मला रडू आलं. आमच्याच घरच्यांनी नाकं मुरडली तरी हट्टाने शिकलेलं काम होतं तिचं.

त्याच सुमारास स्त्री-पुरुष समानतेसाठी देशोदेशी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. मी बँकेतून निवृत्त, इंग्रजी येतं, म्हणून दुभाषी मी. म्हटलं, तोंडाची वाफ दवडतील, एखादा कूलर देतील, फोटो काढून जातील. पण "तुम्हाला काय हवं?" असं बाईंनी विचारल्यावर वहिनी उठली. मागे भिंतीला टेकलेल्या पुरुषांकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, हमसे मत पूछो. इनसे पूछो, सुबह पानी कौन भरेगा?"

मी अर्थ सांगताच बाईंनी आपली खुर्ची उचलली आणि त्या पुरुषांसमोर जाऊन बसल्या. बाई, मानलं तुम्हाला! जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी माझ्या दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, घसा खाकरला. "ठीक है, मैं भर दूँगा." मग आणखी दोघांनी बायकांकडे न बघता माना हलवल्या.

मी मुद्दाम मुक्काम केला. पहाटे दादा हंडा घेऊन नळावर गेला, तर शेजारणी हसल्या, "भाईसाब, घूँघट तो ले लेते!" इकडे शेडमध्ये बायका कधीच कामाला लागल्या होत्या. मेण कापडावर पडताच गोठत होतं. वहिनीचा हात असा सरसर चालला होता, की मला तिचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात दादा अर्धा भिजून आला आणि पायरीवर मटकन बसला. "अगं, माझी तर कमरच गेली!"

वहिनीने मान वर केली नाही. "माझी केव्हा गेली, ते विचारलंत कधी?"

नळ अजून चालू होता. दादा उठला आणि रिकामा हंडा घेऊन निघाला.