पिवळ्या बाटलीला पाणी

माझे बाबा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तीस वर्षं लॅब अटेंडंट होते. मी आता त्याच विभागात पीएच.डी. करतेय. जुन्या लोकांना हे ठाऊक आहे, पण माझे गाइड नंतर बाहेरून आलेले. त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची असं नाही. नाही, थोडी वाटायचीच.

गेल्या वर्षी विभागातली जुनी रसायनं बाहेर काढायची ठरली. लेबल असलेल्या बाटल्यांचं सोपं होतं. आम्लं वेगळी, सॉल्व्हंट वेगळे, प्रत्येकावर चिठ्ठी, मग परवाना असलेल्या कंपनीची गाडी येऊन घेऊन जाणार. अडलं ते मागच्या कपाटापाशी. तिथल्या अकरा बाटल्यांची लेबलं ओलीने गेली होती आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय कंपनी त्यांना हात लावेना. मी लांबूनच फोटो काढले आणि संध्याकाळी खारीगावाजवळच्या आमच्या घरी आल्यावर बाबांसमोर मोबाइल धरला.

बाबा कोलंबी सोलत होते. रिटायर झाल्यापासून हे काम त्यांनी आईकडून घेतलंय. हात ओले, म्हणून मीच एकेक फोटो सरकवत राहिले.

"ही ब्रोमीनची. बुचाला मेण मीच लावलंय. ह्यात नुसता सोडा आहे."

नवव्या फोटोवर ते थांबले. "मोठा कर. झाकणाच्या कडेला पिवळं धरलंय?"

"हो."

"आत पाणी दिसतंय?"

"नाही. कोरडंच आहे."

हातातली कोलंबी परातीत पडली. "बाय, त्या बाटलीला हात लावलास?"

"नाही, बाबा."

"खरं सांग."

"नाही लावला."

त्यांनी श्वास सोडला. "पिक्रिक अ‍ॅसिड आहे ते. ओलं असलं तर गरीब. सुकलं की नुसतं झाकण फिरवलं तरी फुटतं. दर दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्यात पाणी घालायचो. माझ्या आधीच्या अटेंडंट मामांनी शिकवलेलं."

"मग जाताना कुणाला सांगितलं नाहीत?"

"निरोपाच्या दिवशी सांगणार होतो. शाल दिली, बोलायला उभं केलं. नुसते आभार मानले. राहून गेलं."

आईने गॅस बंद केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी तिथूनच गाइडना फोन लावला.

"सर, मागच्या कपाटाला कोणी हात लावू नका. तिथे सुकलेलं पिक्रिक आहे. खोलीला कुलूप लावा."

"तुला कसं कळलं?"

"माझ्या बाबांनी सांगितलं. ते आपल्याच विभागात लॅब अटेंडंट होते."

मग सर म्हणाले, "त्यांना फोन दे."

बाबांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि उभं राहून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मजला रिकामा केला. बॉम्ब निकामी करणारं पथक आलं, वाळूच्या पेटीतून बाटली घेऊन गेलं. जाताना त्यातला एकजण म्हणाला, "ढक्कन घुमाया होता, तो हाथ जाता।" मी माझ्या हातांकडे पाहत राहिले.

उरलेल्या बाटल्यांसाठी सरांनी बाबांना बोलावून घेतलं. घराजवळच्या केबिन रोडवरून घेतलेला नवा शर्ट घालून ते आले. सरांनी खुर्ची पुढे केली.

"नको सर. लॅबमध्ये मी कधी बसलो नाही."

"मग मीही उभाच राहतो."

तेव्हा कुठे बाबा बसले, तेही खुर्चीच्या कडेवर. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एका विद्यार्थिनीने विचारलं, "काका, तुमच्या वेळी वापरलेलं रसायन कुठे टाकायचात?"

बाबांनी बेसिनकडे पाहिलं. "तिथेच. वरून नळ सोडायचो. पुढे खाडीतच जात असणार." जरा थांबून म्हणाले, "तेव्हा आम्हाला कळत नव्हतं."

मी त्यांना वापरलेली रसायनं साठवायचे आमचे नवे कॅन दाखवले. प्रत्येकावरची चिठ्ठी त्यांनी चष्मा सावरत वाचली. एकावर मी तारीख घालायची विसरले होते. त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मी खिशातलं पेन काढून तारीख घातली.