ताठर कोण, खांदा की मी?

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी शहापूरच्या माझ्या दवाखान्यात एका पेशंटने मला एका साध्या मराठी शब्दाचा अर्थ समजावला… आणि तो चांगलाच लागला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सापगावच्या हिराकाकू बांधावरून पडल्या आणि त्यांचा हात मोडला. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना.

मी त्यांना व्यायामाचा छापील कागद दिला. काठी धरून हात वर, भिंतीवर बोटं चालवत वर… दिवसातून तीनदा. तीन आठवडे झाले, काकूंनी एकदाही केलं नाही. मी रागावले की 'करीन गो' म्हणून वेळ मारून न्यायच्या. असंच चाललं तर हात कायमचा अधू राहील, ही मला धास्ती.

त्या सोमवारी वैतागून मी त्यांच्या कार्डावर लिहिलं, 'ताठर. व्यायाम टाळतात.'

सोबत आलेल्या त्यांच्या सुनेने, सविताने, ते मोठ्याने वाचलं.

काकूंनी मान वर केली. "ताठर कोण गो? खांदा का मी?"

हा शब्द सांध्यालाही चालतो आणि स्वभावालाही. 'खांदा' म्हणून मी सहज सुटले असते… पण काकू थेट डोळ्यांत बघत होत्या.

"खरं सांगू काकू? दोघंही."

सविताचा चेहरा पडला. काकू मात्र खुदकन हसल्या.

"मंग तू पण ताठरच! आल्यापासून तोच कागद दावतेस. माझं काय अडलंय, ते कधी इचारलंस?"

नव्हतं विचारलं… तीन आठवड्यांत एकदाही नाही.

मग विचारलं. काठी घेऊन भिंतीशी उभं राहिलं की शेजारणी हसतील, असं त्यांना वाटत होतं, हे तेव्हा कळलं. आणि काकू हळूच म्हणाल्या, "माझं लुगडं सून वाळत घालते. मला लाज वाटते गो."

मी कागद बाजूला ठेवला. अंगणात छातीच्या उंचीवर दोरी बांधायची, आपले कपडे आपणच वाळत घालायचे, आणि जमेल तशी दोरी चार बोटं वर न्यायची… एवढंच सांगितलं.

काकू इतक्या हट्टाने लागल्या की घरातल्या सगळ्यांचे कपडे ओढून घ्यायच्या. "आई, दमाल," म्हटलेलं ऐकायच्या नाहीत, असं सविता सांगायची.

काल सविताने फोटो पाठवला. सविता कपडे वाळत घालायची त्या जुन्या उंच दोरीवर हिरवं लुगडं, आणि काकूंचे दोन्ही हात डोक्याच्या वर! फोटो किती वेळा बघितला, मोजलं नाही…

आता नवीन पेशंट आला की आधी विचारते, घरातलं कुठलं काम अडलंय? आज सकाळी टोकावड्याचे एक आजोबा म्हणाले, "नातीला उचलून घ्यायचंय." म्हटलं, चला आजोबा, तिथूनच सुरू करू.