मंगळवारची पिशवी

त्या मंगळवारी सकाळी पिशवी फुगवून मी शेजारच्या खोलीचं दार लोटलं. दत्ताराम खुर्चीत होता, मान कलंडलेली. हाका मारल्या, हलवलं... सगळं संपलं होतं. त्याच्या नावाची पिशवी माझ्या हातात तशीच होती.

डिलाईल रोडच्या चाळीत आम्ही साठ वर्षं शेजारी. गिरणीत मी हजेरी कारकून. हा न सांगता गावी पळाला तरी त्याची हजेरी मी लावत असे. गणपतीच्या आरतीला शंख त्याचाच. समोरच्या चाळीतली माणसं ऐकायला गॅलरीत येत. यंदा उन्हाळ्यात परळच्या एका इस्पितळात त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. हृदय थकू लागलं की श्वासातली काही द्रव्यं बदलतात, म्हणून दर मंगळवारी उपाशीपोटी एक पिशवी फुंकून तपासायला द्यायची होती. पोचवायचं काम माझं.

पहिल्या दोन त्याने भरल्या. तिसऱ्या वेळी छाती दाबून तो खाटेवर बसला.

"माका जमणा नाय रे, बाबल्या. तूच फुंक."

"अरे, तपासणी तुझी की माझी?"

"हजेरी लावताना विचारलंस कधी? आणि माझ्या पोरीला, वैशूला बोलू नको. शंखवाल्याची पिशवी फुगत नाय म्हणून चाळ हसेल."

मी हसलो आणि फुंकली. अशा पाच फुंकल्या. "श्वास उत्तम आहे," असा दर वेळी फोन यायचा. त्या भरवशावर वैशाली, त्याची मुलगी, नाशिकला नोकरीवर परतली. पुढे त्याचे पाय सुजले, जिन्यात तो दोनदा थांबू लागला. डॉक्टरांना सांगू म्हटलं, की डोळा मारायचा, "रिपोर्ट चांगला हा मा?" मी पुढच्या मंगळवारी पुन्हा फुंकायचो.

तेराव्याला कुणीतरी म्हणालं, "मुलीने लवकर पाठ फिरवली." वैशाली मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारीच होतो. तोंड उघडलं नाही.

परवा इस्पितळात जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पाचही रिपोर्ट काढून पाहिले. मग म्हणाले, "औषध वाढवता आलं असतं."

वैशाली, तुझी चूक नाही. तुला ज्याची खुशाली कळत होती, ते हृदय माझं होतं.

शेवटची पिशवी माझ्या खुंटीवर आहे. नाव त्याच्या अक्षरात. हवा हळूहळू उतरतेय. खाली त्याचा शंख. यंदा तुम्हीच वाजवा, चाळीतले म्हणतात. माझा श्वास उत्तम आहे... इस्पितळाने पाच वेळा कळवलंय.